पांढऱ्यात पांढरं

धुतलेले कपडे वाळत घालायला नोरीन मागच्या अंगणात आली आणि हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी राहिली. कुंपण जांभळं झालं होतं. आठवडाभर ती सिग्नेटला भावाकडे होती. काल परतली ती दिवेलागणीनंतर, त्यामुळे मागे येऊन बघायचं राहिलं होतं. जाताना वेलांवर नुसत्या हिरव्या कळ्या होत्या, मिटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वीट पीचे वेल, वाटाण्याचेच पण फुलांसाठी लावायचे भाऊबंद, फुलले होते. वरची उभी पाकळी वांग्याच्या सालीसारखी, बाजूच्या दोन निळसर, आणि कडेला एक मळकी लाल झाक. जुनाट, रानटी रंग. या कुंपणावर गेली अकरा वर्षं तिने फक्त पांढरं बघितलं होतं, आणि तिच्या आधीही इथे पांढरंच होतं. टॉवेलचं पाणी बुटांवर ठिबकत होतं. ती पुढे गेली आणि डावीकडून सुरुवात करून एकेक वेल बघत चालली, पूर्वी कामावर वाफे बघत चालायची तशी, मान किंचित खाली, घाई न करता. एक तरी पांढरं सापडेल असं तिला वाटत होतं. उजव्या टोकाला पोचली तेव्हा तिच्या लक्षात आलं की एकही नाही. आणि भीती वाटली त्याच क्षणी, त्या भीतीच्याही खाली कुठेतरी, तिला बरं वाटलं. एकही पांढरं नाही, म्हणजे हात एकदाही चुकला नव्हता.

ही फुलं बेरिलची. रॉइसची पहिली बायको बेरिल, जाऊन चौदा वर्षं झालेली. तिने हा पांढरा वाण वर्षानुवर्षं घरच्या बियांवर राखला होता आणि ती गेल्यावर रॉइसने. सेंट पॅट्रिकच्या दिवशी, मार्चमध्ये, इथली थंडी यायच्या आधी, सगळं हॉबार्ट शहर स्वीट पी पेरतं, तसा तोही पेरायचा. आदल्या दिवशी नखं कापायच्या कात्रीने प्रत्येक बीला एक बारीक टोचा मारायचा आणि बशीत भिजत घालायचा. लग्नानंतरच्या पहिल्या मार्चमध्ये नोरीन त्याच्या शेजारी बसली होती. वाटाण्याच्या बिया टोचण्यात तिचा जन्म गेला होता, संशोधन केंद्रात तिचं कामच ते होतं. तिने कात्रीसाठी हात पुढे केला तेव्हा तो म्हणाला, "राहू दे गं, मला सवय आहे." किती साधं वाक्य. त्यात राग नव्हता, हेटाळणी नव्हती. तरी ते तिच्या अंगात काचेच्या कणासारखं राहिलं. उत्तरेला तोंड असलेलं कुंपण, जिथे या गोलार्धात दिवसभर ऊन, ते बेरिलच्या वेलांचं. नोरीन सिग्नेटहून आईच्या घरची स्वीट पी घेऊन आली, तीही पांढरीच, तिला रॉइसने कपडे धुवायच्या खोलीशेजारी जागा करून दिली, प्रेमाने, स्वतः दोऱ्या बांधून. तिथे दुपारी तीननंतर थोडं ऊन यायचं. आईची फुलं दरवर्षी दोन आठवडे उशिरा यायची आणि लांब दांड्यांवर ऊन शोधत वाकडी व्हायची.

मेलेल्या बाईचा मत्सर करू नये हे नोरीनला कळत होतं. जिवंत बाई निदान म्हातारी होते, चुकते, जेवताना तोंडातून घास सांडते. बेरिल अठ्ठेचाळीस वर्षांचीच राहिली होती. नोरीन तिच्यापुढे निघून गेली होती, एकसष्टची झाली होती, आणि हॉलमधल्या फोटोतून जांभळ्या कोटातली बेरिल दरवर्षी तिच्यापेक्षा एक वर्षाने आणखी लहान होत होती. रॉइसने अकरा वर्षांत एकदाही चुकून तिला बेरिल म्हणून हाक मारली नव्हती. आधी नोरीनला याचं कौतुक वाटायचं. मग एकदा, कधी ते आठवत नाही, तिच्या मनात आलं की चुकत नाही याचा अर्थ तो सांभाळतो. ज्याच्या डोक्यात दोन खण वेगळे आहेत आणि दोन्ही भरलेले आहेत, तोच इतकं सांभाळतो. एक खण रिकामा झाला असता तर कधीतरी हात चुकला असता. त्या दिवसापासून तो "नोरीन" म्हणाला की तिला त्याच्या आधीचा अर्धा श्वास ऐकू यायला लागला.

टॉवेल कसाबसा अडकवून ती आत आली. रॉइस स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावत होता आणि मागच्या दारात शेजारचा डेस टेकून उभा होता, नेहमीसारखा, घरात न शिरता आणि बाहेरही न जाता.

"बघितलंस?" रॉइसने विचारलं.

"बघितलं. फोनवर बोलला नाहीस तू."

"काय बोलणार? म्हटलं येशील तेव्हा दिसेलच."

"मी ह्याला सांगितलं," डेस म्हणाला, "मधमाशांचं काम आहे लेका. त्या नाक्यावरच्या बाईकडे असले जांभळे आहेत. माशी तिकडे जाते, मग इकडे येते. माशीला काय, शीलबील थोडंच असतं!"

"डेस, सकाळची वेळ आहे," रॉइस म्हणाला.

"मग? माशा सकाळीच जातात कामाला." डेस आपल्याच विनोदावर हसला आणि नोरीनकडे वळला. "बाईसाहेब, तुम्ही तर यातल्या. बरोबर ना माझं?"

नोरीन चहा ओतून घेत होती. हो म्हणायचं आणि विषय मिटवायचा, एवढंच होतं. मधमाशीने केलं हे कुणीही मानतं. फक्त तिच्यासारख्या चारदोन माणसांना माहीत असतं की स्वीट पीचं फूल माशीची वाटच बघत नाही. खालच्या दोन पाकळ्या होडीसारख्या जुळलेल्या असतात, पुंकेसर आणि कुक्षी दोन्ही त्या होडीत बंद, आणि कळी उमलायच्या आधीच आतल्या आत सगळं उरकलेलं असतं. माशी येते ती लग्न लागून गेल्यावर जेवायला येणाऱ्या पाहुण्यासारखी. अख्खं कुंपण बदलायला माशी पुरत नाही. चिमटा लागतो.

"असेलही," ती म्हणाली.

"ट्रूडी यायची आज," रॉइस म्हणाला. त्याच्या आवाजात काय होतं ते तिला नीट कळेना. दुःख असेल अशी तिची तयारी होती. दुःखासारखं ते नव्हतं.

ट्रूडी ही रॉइस आणि बेरिलची मुलगी, लॉन्सेस्टनला असते. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये आईच्या वाढदिवसाच्या शनिवारी ती गाडी चालवत येते, बापलेक कुंपणावरची पांढरी फुलं कापतात आणि कॉर्नेलियन बेच्या दफनभूमीत घेऊन जातात. पहिल्या वर्षी नोरीनने कोट घातला होता. ट्रूडी म्हणाली होती, "तू पण येतेस? ये की, आमची काही हरकत नाही." त्यानंतर नोरीन घरी थांबून सफरचंदाचा केक करते. केकची कृती बेरिलची आहे. हे तिला तीन वर्षं तो केक केल्यावर कळलं होतं, आणि तोपर्यंत तो तिच्या हाताला इतका चांगला यायला लागला होता की सोडणं कठीण झालं.

आज तिने सफरचंदं सोलायला घेतली. साल एकसंध उतरत होती. गेल्या वसंतातलं, म्हणजे इथल्या सप्टेंबर-ऑक्टोबरातलं, ते काम तिला आता हातांतून आठवत होतं, डोक्यातून नाही. रॉइस फुलं सतत कापत राहायचा, म्हणजे वेल फुलत राहतो, पण बियांसाठी काही दांड्यांना लाल लोकर बांधून त्या मात्र राखायचा. पुढच्या वर्षीचं सगळं कुंपण त्या लोकर बांधलेल्या दांड्यांवरच्या शेंगांतून यायचं. बेरिलचं सगळं वर्ष त्या शेंगांत असायचं. जुनी बी तो ठेवत नसे. आहे ती सगळी पेरून टाकायची, ही बेरिलची पद्धत. दर बुधवारी सकाळी तो बंदरावरच्या जुन्या सहकाऱ्यांकडे पत्ते खेळायला जायचा. अशाच एका बुधवारी नोरीनने ड्रॉवरमधून चिमटा काढला, निवृत्त होताना केंद्रातल्या लोकांनी तिचाच चिमटा तिला भेट दिला होता, आणि ती कुंपणापाशी स्टूल घेऊन बसली. कळी अशी निवडायची की पाकळीचा हिरवटपणा जाऊन ती पांढरी व्हायला लागली आहे पण अजून फुगलेली नाही. उशीर झाला तर आत परागकोश फुटलेले असतात आणि मग सगळं फुकट. डाव्या हाताच्या दोन बोटांत कळी धरायची, होडीची शिवण उकलायची, आतले दहा कोवळे पुंकेसर एकेक करून उचलायचे, कुक्षीला धक्का न लावता. मग आईच्या फुलाचे पराग त्या कुक्षीवर टेकवायचे, अगदी हलक्या हाताने, आणि पाकळ्या पुन्हा मिटवून द्यायच्या. लोकर बांधलेल्या प्रत्येक दांडीवर तिने हे केलं, त्या बुधवारी आणि पुढच्या दोनतीन बुधवारी, आणि ज्या कळ्या हुकल्या त्या खुडून टाकल्या. पाठ दुखली. पण बरेच दिवसांनी तिला आपण कशात तरी तरबेज आहोत असं वाटलं.

जांभळ्याचा किंवा गुलाबी फुलाचा पराग तिने मुद्दाम घेतला नव्हता. तसं करून बेरिलचं पांढरं एका फटक्यात झाकता आलं असतं, कारण रंग प्रभावी असतो आणि पांढरं अप्रभावी, रंगाशेजारी बसवलं की पांढरं गप्प राहतं, नातवंडांत पुन्हा डोकं वर काढेपर्यंत. पण तिला बेरिलचं कुंपण बिघडवायचं नव्हतं, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं. तिला फक्त त्यात शिरायचं होतं. पांढऱ्यात पांढरं मिसळलं तर पांढरंच येईल. रॉइसला कळणार नाही, ट्रूडीला कळणार नाही, ती दोघं दफनभूमीत जी फुलं नेतील त्यांतलं अर्धं सिग्नेटचं असेल, नोरीनच्या आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालचं असेल. बेरिलच्या थडग्यावर, बेरिलच्या वाढदिवशी, अर्धी नोरीन. ही कल्पना सुचली तेव्हा ती बसमध्ये होती आणि तिला इतकं हसू आलं की समोरच्या बाईनेही हसून मान हलवली. केंद्रात नव्या मुलींना ती पहिला नियम शिकवायची तो असा की आई, म्हणजे ज्याच्या फुलाला पराग लावायचे ते झाड, नेहमी अप्रभावी निवडा. म्हणजे संकर फसला आणि फुलाने आपलं आपणच उरकलं, तर पोर आईसारखं निघतं आणि तुमची चूक तुम्हाला कळते. पांढऱ्या आईला पांढराच बाप दिला तर ही सोय नाही. फसलं तरी पांढरं, साधलं तरी पांढरं. आपलं काम साधलं की नाही हे आपल्यालाही कधी कळणार नाही, आणि हेच तिला त्या बेताचं सगळ्यांत सुरक्षित अंग वाटलं होतं.

सफरचंदाच्या फोडी काळ्या पडायला लागल्या होत्या. तिने त्यांवर लिंबू पिळलं. आणि मग, लिंबाचं पाणी बोटाच्या चिरेत झोंबलं तेव्हा, तिला एकोणीस वर्षांची स्वतः आठवली, परीक्षेच्या हॉलमध्ये, दोन पांढरी फुलं आणि त्यांच्याखाली एक जांभळं अशी आकृती काढणारी. हे तिला माहीत होतं. हे तिने लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. स्वीट पीत रंग यायला दोन गोष्टी लागतात. घराचा मेन स्विच आणि दिव्याचं बटण, दोन्ही चालू हवीत. दोनांतलं कुठलंही एक बंद असलं तरी खोलीत अंधारच, आणि अंधार बघून कुठलं बंद आहे ते सांगता येत नाही. बेरिलच्या वाणात एक बंद होतं, आईच्या वाणात दुसरं. बंद अप्रभावी, चालू प्रभावी. त्यामुळे दोघींना एकत्र आणल्यावर प्रत्येकीने दुसरीत नव्हतं ते दिलं, आणि कित्येक पिढ्या विझलेला दिवा लागला. केंद्रातल्या वाटाण्यांत तिने पांढऱ्यावर पांढरं असंख्य वेळा केलं होतं आणि दर वेळी पांढरंच आलं होतं, कारण तिथल्या सगळ्या पांढऱ्यांत एकच गोष्ट बंद होती. आयुष्यभर वाटाण्याच्या वाफ्यांत वावरल्यावर तिला वाटलं होतं की फूल म्हणजे वाटाणाच. डेसलाही ही चूक करता आली नसती. त्याला येत नव्हतं म्हणून तो वाचला असता.

ट्रूडीची गाडी दुपारी दारात आली. ती नेहमीसारखी सरळ बाजूच्या बोळातून मागे गेली, घरात न येता, आणि नोरीनने खिडकीतून तिला थबकताना बघितलं. रॉइस तिच्या मागून आला. नोरीन पुसणं हातात घेऊन मागच्या पायरीवर उभी राहिली. आता रडेल, असं तिला वाटलं. आणि खरंच ट्रूडी रडत होती, पण तोंडावर हात धरून, हसतही होती.

"बाबा! हा आईचा रंग आहे!"

"हो ना," रॉइस म्हणाला. "पहिलं फूल उमललं तेव्हा मी इथे खालीच बसलो. म्हटलं ट्रूडीला येऊ दे, तिला काय वाटतं बघू."

"तोच कोट! तोच! अरे, आपण हसायचो तिला, आठवतं? वांगं म्हणायचो. आणि ती म्हणायची, मी गेले तरी तुम्हाला हा रंग सोडणार नाही."

"असं म्हणाली होती ती?"

"म्हणाली होती. दवाखान्यात." ट्रूडीने एक फूल दोन बोटांत धरलं, नोरीनने कळी धरली होती तसंच. "माझा नाही रे असल्यावर विश्वास. पण हे बघ ना, सगळीच्या सगळी. एकही पांढरं नाही. हे काय माशांनी केलं?"

"डेस म्हणतो माशांनी."

"डेसला काय कळतंय!"

रॉइसने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. सकाळी त्याच्या आवाजात काय होतं ते नोरीनला आता समजलं. आनंद होता तो. तिच्यापुढे दाखवायचा नाही म्हणून दाबून ठेवलेला, फोनवरही दाबलेला, वेगळ्या खणातला आनंद. ती पायरीवर उभी होती आणि तिला एकाच वेळी दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. एक, तिची पूर्ण सुटका झाली होती, कुणालाही कधीही काही कळणार नव्हतं. आणि दोन, ते तिला सहन होणार नव्हतं. माशांना श्रेय गेलं तर तिने गिळलं असतं. पण हेही बेरिललाच? तिचा हात, तिची पाठ, तिच्या आईचं फूल, सिग्नेटच्या खिडकीखालचा तो ओलसर वाफा, आणि त्याचा कोट शिवून बेरिलच्याच अंगावर? अपराध्यासारखं तिला वाटत नव्हतं. लुटल्यासारखं वाटत होतं.

"ते मी केलंय," ती म्हणाली.

दोघं वळली. ऐकू गेलं नसावं असं वाटून ती पुन्हा बोलली, मोठ्याने, केंद्रात पाहुण्यांना समजावून द्यायची त्या आवाजात. "गेल्या वर्षी. लोकर बांधलेल्या दांड्यांवर. पुंकेसर काढून माझ्या आईच्या फुलाचे पराग लावले. ह्यात अर्धं तिचं आहे. कोटाचा काही संबंध नाही."

कुंपणापलीकडे डेसची फुलांवर पाणी मारायची नळी बंद झाली.

"का?" ट्रूडीने विचारलं.

"पांढरंच येईल असं वाटलं होतं."

"मी ते विचारत नाहीये. का?"

नोरीनला उत्तर माहीत होतं, पण तोंडात आणण्यासारखं नव्हतं. ती हातातल्या पुसण्याची घडी घालत राहिली तसा ट्रूडीचा चेहरा लाल होत गेला. "तुला कमी काय होतं गं? घर तुझं. बाबा तुझा. मी कधी एक शब्द बोलले नाही. तू तिच्या कपात चहा पितेस, मी बोलले नाही. वर्षात एक दिवस, एक कुंपण. तेवढंही नको होतं तुला आमच्याकडे?"

"ट्रूडी," रॉइस म्हणाला.

"नाही बाबा, बोलू दे. आणि आता सांगायचं कशाला होतं? मला दोन मिनिटं बरं वाटलं ते बघवलं नाही हिला!"

हे खरं होतं. इतकं नेमकं की नोरीनला क्षणभर या मुलीबद्दल आदर वाटला. ट्रूडीने हातातलं फूल खाली टाकलं, मग ते पायाखाली येईल म्हणून उचललं, मग काय करावं ते न कळून कुंपणाच्या तारेत खोचलं. "मी पेट्रोलपंपावरून घेते फुलं," ती म्हणाली आणि बोळातून निघाली. रॉइस मागून गेला. जाताना तो नोरीनच्या अगदी जवळून गेला पण त्याने तिच्याकडे बघितलं नाही, आणि तिचं नाव घेतलं नाही.

घरात केकचा वास भरला होता. नोरीनने तो बाहेर काढला, सुरी खुपसून बघितली, झाला होता. पलीकडून डेसचा आवाज आला, "बाईसाहेब, काही हवंय का?" आणि ती म्हणाली, "नको," आणि थोड्या वेळाने पाण्याची नळी पुन्हा सुरू झाली. ती टेबलाशी बसून राहिली. तिला आई आठवत होती, पण फुलांसकट नाही. धाकटा भाऊ झाला तेव्हा चार वर्षांची नोरीन पाळण्याशी उभी राहून त्याच्या मुठीत आपलं बोट कोंबत होती, पुन्हा पुन्हा, आणि आई म्हणाली होती, "अगं, त्याला झोपू दे, तू हवीस हे त्याला कळायला वेळ आहे." आईला वाटलं होतं ही माया आहे. नोरीनला तो हात उघडून बघायचा होता, आत काय धरलंय ते. डोंगरावर उशिराचं बर्फ होतं, त्याचा गारवा दाराखालून येत होता. रॉइस आता थडग्यापाशी उभा असेल, टोपी हातात घेऊन. पेट्रोलपंपावरची फुलं, प्लॅस्टिकच्या कागदातली. तो तिथे बेरिलशी बोलत असेल का? आपल्याबद्दल काय सांगत असेल? बेरिलला आपलं नाव माहीत असेल का? हा विचार वेडाचा होता हे तिला कळत होतं. वेडाचे विचारही तिच्या डोक्यात व्यवस्थित, एकामागून एक येत.

रॉइस परतला तो एकटाच. ट्रूडी तिकडूनच लॉन्सेस्टनला निघून गेली होती. त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला, बसला, आणि केकचा तुकडा नोरीनने पुढे केला तो खाल्ला. सगळा. बशीतले कणही बोटाने टिपले. मग म्हणाला, "मागितलं असतंस तर मी दिलं असतं."

"माहीत आहे."

"मग?"

"दिलेलं नको होतं," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, समजल्यासारखी किंवा थकल्यासारखी. मग बंदरावर बोटींची वाट बघायचा तसा टेबलापलीकडे बघत त्याने विचारलं, "पांढरी परत येतील?"

"येतील. ह्या जांभळ्यांच्या बिया पेरल्यास तर पुढच्या वर्षी सोळांत सात पांढरी. साधारण."

"आणि ती बेरिलची?"

त्याने नाव घेतलं. तिच्यासमोर, सहज, आधीच्या अर्ध्या श्वासाशिवाय. नोरीनने हात मांडीवर घेतले. "सातांतली तीन तिच्यासारखी. तीन माझ्या आईसारखी. आणि एक दोघींचं उणं घेऊन आलेलं. दिसायला सगळी सारखीच. नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही."

"म्हणजे गेली ती."

हो म्हणणं सोपं होतं. ते बरंचसं खरंही होतं. "शोधता येईल," ती म्हणाली, कारण येत होतं. "एकेका पांढऱ्याला पुन्हा आईचे पराग लावून बघायचे. ज्याची सगळी पोरं जांभळी होतील ते बेरिलचं. दुसरा मार्ग नाही, प्रत्येक वेळी आईचं फूल लागेलच. दोन वर्षं तरी जातील. तीन धर. आणि रंगापुरतंच बोलतेय मी. बाकी सगळं मिसळलंय ते आता सुटं होणार नाही."

"तुला करता येईल?"

"येईल."

ती थांबली. आता तो म्हणेल, राहू दे. म्हणेल, जांभळंही वाईट नाही, झालं ते झालं, म्हातारपणी कुठे चिमटे घेऊन बसतेस. तिने एवढ्याचीच वाट बघितली होती, आज नाही, अकरा वर्षं. टेबलावर बशी होती, सुरी होती, त्याचे मोठे हात होते.

"मग कर," रॉइस म्हणाला.

तो उठला, बशी धुतली, पुसून जागेवर ठेवली आणि बाहेर गेला. त्याच्या पावलांचा आवाज कुंपणापर्यंत जाऊन थांबला. नोरीन जिथल्या तिथे बसली होती. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तिला दिसत होतं की आता दर वसंतात तो रोज सकाळी येऊन तिला विचारणार, सापडली का? आणि उत्तर फक्त तिच्याकडे असणार. कुठल्याही पांढऱ्याकडे बोट दाखवून ती म्हणू शकेल, ही घे. आईचं फूल बेरिल म्हणून दिलं तरी तो ते दोन्ही हातांनी घेईल, पेरेल, राखेल, थडग्यावर नेईल, आणि जगात कुणालाही ते पकडता येणार नाही. तिने हा विचार उलटसुलट करून पाहिला, कळी तपासतात तसा, कुठे उशीर तर झालेला नाही ना म्हणून. आणि तिला कळलं की ती असं करणार नाही. त्यात चांगुलपणा नव्हता. ती शोधणार होती, एकही झाड न गाळता, अचूक, कारण त्या सगळ्या पांढऱ्यांत नेमकी बेरिल कुठली हे कळायला रॉइसपेक्षा तिलाच जास्त हवं होतं. ते कळल्याशिवाय ती डोळा कुणावर ठेवणार होती?